दोनशे डॉलरचं बाळ

निर्वाणा या अमेरिकी बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमच्या मुखपृष्ठावरून चाललेला दावा कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयाने सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस पुन्हा एकदा फेटाळला आणि दोन्ही बाजूंनी आपापली पाठ केलेली वाक्यं पुन्हा म्हणून घेतली. एक बाजू म्हणते, पाण्यात पोहणाऱ्या नागड्या बाळाचा फोटो कोट्यवधी प्रतींवर छापणं हे बालकाचं लैंगिक शोषणच आहे आणि न्यायालय बड्या कंपन्यांना सांभाळून घेतंय. दुसरी बाजू हसते. ज्या फोटोच्या जिवावर इतकी वर्षं मिरवलं, त्याच फोटोबद्दल तिशीत दावा ठोकणारा माणूस पैशाला चटावलाय, आणि त्याची कड घेणारे म्हणजे नव्या जमान्यातले सोवळे, असं तिचं म्हणणं. दोघांचीही नजर बाळाच्या नागडेपणावर खिळली आहे आणि त्यामुळे वाद पहिल्या पायरीवरच अडला आहे. माझं मत असं आहे की ते मुखपृष्ठ अश्लील नाही, निकाल बरोबर आहे, आणि तरीही त्या माणसाची तक्रार खरी आहे. ज्याला हो किंवा नाही म्हणण्याची अक्कलही आलेली नव्हती, त्याचं शरीर आईबापांनी एका कंपनीला देऊन टाकलं आणि ते परत मागायची सोयच उरली नाही, ही ती तक्रार. त्याचं नाव जगजाहीर आहे. शोधणाऱ्याला क्षणात सापडेल. पण ज्याचं म्हणणंच 'मला न विचारता मला जगासमोर मांडलं' असं आहे, त्याचं नाव मी इथे उगाच आणखी एकदा छापत नाही.

आधी हकिकत नीट सांगायला हवी, कारण वादात तिची फार मोडतोड होते. १९९१ साली बँडचा गायक कर्ट कोबेन आणि ड्रमवादक डेव्ह ग्रोल यांनी टीव्हीवर पाण्यातल्या बाळंतपणाविषयीचा माहितीपट पाहिला आणि कोबेनच्या डोक्यात मुखपृष्ठाची कल्पना आली. अल्बम काढणाऱ्या गेफन कंपनीचे कलादिग्दर्शक रॉबर्ट फिशर यांनी प्रत्यक्ष प्रसूतीची चित्रं शोधली, पण ती छापण्याजोगी नव्हती. मग पोहणाऱ्या बाळाचा एक तयार फोटो सापडला. तो ज्या संस्थेच्या मालकीचा होता तिने वर्षाला ७,५०० डॉलर मागितले, आणि तेही अल्बम बाजारात असेपर्यंत दरवर्षी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. खर्च परवडेना म्हणून कर्क वेडल या पाण्याखालच्या छायाचित्रकाराला सांगण्यात आलं. त्याने आपल्या मित्राचं चार महिन्यांचं बाळ पॅसाडेनातल्या एका जलतरण तलावात उतरवलं आणि फोटो काढले. गळ आणि त्याला लावलेली डॉलरची नोट नंतर चित्रात बसवली. आईबापांच्या हाती २०० डॉलर पडले. पुढे काही महिन्यांनी लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवरून जाताना टॉवर रेकॉर्ड्स या दुकानाच्या भिंतीवर आपलं पोर भल्यामोठ्या आकारात टांगलेलं त्यांना दिसलं. बाळ वर्षाचं झालं तेव्हा कंपनीने भेट म्हणून एक प्लॅटिनम रेकॉर्ड आणि एक टेडी बेअर पाठवलं. तोवर 'नेव्हरमाइंड'ने जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला अमेरिकी यादीतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं होतं. आजवर या अल्बमच्या तीन कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. ऐंशीच्या दशकातल्या फुगवलेल्या केसांच्या रॉकला घरी बसवून सिॲटलच्या गॅरेजांतला खरखरीत आवाज मुख्य रस्त्यावर आणणारा हा अल्बम, हे त्याचं मोठेपण मला मान्यच आहे. त्याबद्दल वाद नाही.

आता बचाव करणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ: हे चित्र लैंगिक नाही. बरोबर आहे. अमेरिकी कायद्यात नुसती नग्नता म्हणजे बाल लैंगिक चित्रण नव्हे. १९९० च्या 'ऑस्बोर्न विरुद्ध ओहायो' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच ते स्पष्ट केलं. चित्राचा रोख कशावर आहे, जागा आणि आविर्भाव सूचक आहे का, पाहणाऱ्याची वासना चाळवण्याचा हेतू दिसतो का, असे सहा निकष १९८६ च्या 'डॉस्ट' निकालापासून तिथली न्यायालयं वापरत आली आहेत. त्यांतल्या नग्नतेच्या निकषापलीकडे या मुखपृष्ठाला काहीच लागू होत नाही. दावा फेटाळणारे न्यायाधीश फर्नांडो ओल्गिन यांनीही साधारण हेच म्हटलं आणि चित्राची तुलना घरच्या अल्बममधल्या, अंघोळ करणाऱ्या मुलाच्या फोटोशी केली. उलट फिर्यादीच्या वकिलांची मांडणी वाचताना मला अस्वस्थ व्हायला झालं. डॉलरमुळे ते बाळ देहविक्रय करणाऱ्या व्यक्तीसारखं दिसतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. चार महिन्यांच्या पोराकडे पाहून हे सुचण्यासाठी बरीच मेहनत घ्यावी लागते! रॉकच्या इतिहासात खरोखर आक्षेपार्ह मुखपृष्ठं झाली नाहीत असं नाही. जर्मन बँड स्कॉर्पियन्सच्या १९७६ च्या एका अल्बमवर दहा वर्षांच्या मुलीला ज्या पद्धतीने उभं केलं होतं, ते आज पाहवत नाही. त्या चित्रापायी २००८ मध्ये ब्रिटनमध्ये विकिपीडियाचं एक पान काही दिवस बंद होतं. त्या चित्रात मूल पाहणाऱ्यासाठी मांडलेलं आहे. 'नेव्हरमाइंड'वरचं बाळ कुणाकडेच बघत नाही, ते नुसतं पाण्यात आहे. हा फरक ज्याला दिसत नाही त्याच्याशी पुढे बोलणं कठीण आहे.

महाराष्ट्राला तर हा फरक नव्याने शिकायची गरज नाही. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते आणि त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रं छापत होते. नग्नता आणि अश्लीलता या वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी उभ्या हयातीत सांगितलं, त्यासाठी खटले सोसले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, पण मुद्दा हरला नाही. म्हणून मराठी वाचकाने अमेरिकी न्यायालयाचा निकाल ऐकून 'छे, काय हे' म्हणण्याचं कारण नाही. आपल्या घरांतही सहा महिन्यांच्या बाळाला पालथं घालून स्टुडिओत काढलेला कृष्णधवल फोटो असायचाच. अंगावर कपडा नाही, गालावर काजळाची तीट, मान जेमतेम उचललेली. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, आणि दिसायचं कारणही नव्हतं.

पण इथेच न्यायाधीशांच्या तुलनेला पुढचा प्रश्न विचारायला हवा. घरच्या अल्बममधला फोटो कपाटात असतो. लग्नाची बोलणी चालू असताना मावशी तो मुद्दाम बाहेर काढते, पोरगा लाजतो, हिसकावून घेतो, विषय संपतो. त्याला हिसकावून घेता येतो, हे त्यातलं महत्त्वाचं. तोच फोटो शर्टांवर, कॉफीच्या मगांवर, भिंतीवरच्या पोस्टरांवर छापला गेला, त्यावर कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या पैसा करत राहिलं, आणि फोटोतल्या माणसाला त्यात कसलाही शब्द नसला, तर चित्र तेच राहूनही व्यवहार तोच राहतो का? चित्र निरागस आहे हे सिद्ध केल्याने व्यवहार निरागस ठरत नाही. बचाव करणारे पहिली गोष्ट सिद्ध करतात आणि दुसरी आपोआप सिद्ध झाली असं समजून घरी जातात.

मग त्याने नेमका हाच दावा का केला नाही? 'माझं चित्र माझ्या संमतीविना विकलं गेलं' असं सरळ का म्हटलं नाही? बाल लैंगिक चित्रणासारखा भयंकर आरोप का लावला? त्याच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही, पण कायद्याची रचना पाहिली की उत्तर बरंचसं मिळतं. १९७५ मध्ये ब्रूक शील्ड्स दहा वर्षांची असताना गॅरी ग्रॉस या छायाचित्रकाराने तिचे नग्न फोटो काढले. तिच्या आईने ४५० डॉलर घेऊन संमतीपत्रावर सही केली होती. पुढे प्रसिद्ध अभिनेत्री झाल्यावर तिने ते फोटो वापरायला मनाई करा म्हणून न्यायालयात धाव घेतली. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, आईची सही मुलीला बांधील आहे, ती मोडता येणार नाही. एरवी अज्ञान व्यक्तीने केलेला करार सज्ञान झाल्यावर तिला नाकारता येतो, हे तत्त्व जुनं आहे. इथे ते लागू झालं नाही, कारण मुलाच्या वतीने अशी संमती द्यायचा अधिकार न्यूयॉर्कच्या कायद्यानेच आईबापांना दिला होता! 'नेव्हरमाइंड'च्या प्रकरणात तर लेखी संमती कधी घेतलीच नाही असा फिर्यादीचा आरोप होता, पण तीस वर्षांनी तसल्या कागदावरून भांडायला मुदतीचा कायदा आडवा येतो. उघडं राहिलेलं एकच दार होतं: बालपणी लैंगिक चित्रणाला बळी पडलेल्यांना किमान दीड लाख डॉलरची भरपाई देणारा संघराज्य कायदा. त्या दारातून आत जायचं तर चित्राला अश्लील म्हणावंच लागतं. ज्याच्याकडे न्याय्य पण बेवारस तक्रार आहे, तो तिच्यावर जे लेबल लावून मिळेल ते लावतो. दावा कोसळला तो लेबलामुळे. आतली तक्रार न्यायालयापुढे कधी आलीच नाही.

मुदतीबद्दलही एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण ती हसण्यावारी नेली गेली. २०२२ मध्ये खालच्या न्यायालयाने दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला होता. डिसेंबर २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि म्हटलं की असं चित्र पुन्हा प्रकाशित होतं तेव्हा इजा पुन्हा नव्याने होऊ शकते. २०२१ मध्ये तिसाव्या वर्षाची खास आवृत्ती निघाली होतीच. चित्र लैंगिक नाही म्हटल्यावर हा मुद्दा कायदेशीरदृष्ट्या गळून पडला. तरी त्यामागचा विचार मला पटतो. १९९१ मध्ये घडलेली गोष्ट १९९१ मध्येच संपलेली नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी कंपनीकडे विचारायची संधी होती, कारण आता विचारण्याजोगा माणूस समोर होता.

आता दुसरा मुद्दा, ज्यावर सगळी चेष्टा उभी आहे. या माणसाने दहाव्या वर्धापनाला, मग सतराव्या, विसाव्या आणि पंचविसाव्या वर्षी पुन्हा पाण्यात उतरून तोच फोटो काढून घेतला. छातीवर अल्बमचं नाव गोंदवलं. डेव्ह ग्रोलने एका मुलाखतीत शांतपणे सांगितलं की अल्बमचं नाव त्याने गोंदवलंय, मी नाही. वाक्य झणझणीत आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. खटल्यात लैंगिक शोषणाचा आयुष्यभराचा आघात झाला असं म्हणायचं आणि त्याआधी हौसेने पोझ द्यायची, यात विसंगती आहे हे मी मान्य करतो. पण माझ्या मुद्द्याला तिने काय धक्का बसतो? जन्मापासून ज्या चित्राशी तुमची ओळख जोडली गेली, त्याच्याशी तुमचं नातं सरळ रेषेत कसं राहील? कधी त्याचा अभिमान वाटेल, कधी त्यावर दोन पैसे मिळवावेसे वाटतील, कधी त्याची शिसारी येईल. पंचविसाव्या वर्षी दिलेल्या मुलाखतींतही तो एकीकडे फोटोचं कौतुक करत होता आणि दुसरीकडे विचारत होता की मला हे मान्य नसतं तर? लेड झेपलिनच्या १९७३ च्या 'हाउसेस ऑफ द होली'वर उत्तर आयर्लंडच्या समुद्रकाठच्या खडकांवर चढणारी दोन नागडी मुलं ही सख्खी भावंडं होती. मोठेपणी बहिणीच्या मनात त्या दिवसाची आठवण म्हणजे थंडी आणि पाऊस. भाऊ, जो पुढे ब्रिटिश टीव्हीवर खाद्यपदार्थांचे कार्यक्रम करू लागला, त्याला त्या चित्रात काहीतरी अशुभ वाटत राहिलं. एकाच चित्रातली, एकाच घरातली दोन माणसं. मग एकाच माणसाच्या मनात दोन वेगवेगळ्या वर्षी दोन भावना असल्या, तर त्याला लबाड का म्हणायचं? शिवाय सज्ञान माणसाने पंचविसाव्या वर्षी चड्डी घालून दिलेली पोझ ही त्या पोझपुरती संमती आहे. ती मागे जाऊन चार महिन्यांच्या बाळाच्या वतीने सही करू शकत नाही.

मुलाची स्वतःची संमती तरी किती वजनाची असते? १९६९ मध्ये ब्लाइंड फेथ या ब्रिटिश बँडच्या अल्बमवर अकरा वर्षांच्या मुलीचा उघड्या अंगाचा फोटो होता. छायाचित्रकार बॉब सायडमन यांनी आपल्या आठवणीत लिहिलंय की त्या मुलीने मोबदला म्हणून घोड्याचं शिंगरू मागितलं. मला हा तपशील कुठल्याही कायदेपंडिताच्या निबंधापेक्षा जास्त शिकवतो. अकरा वर्षांच्या मुलीने अगदी अकरा वर्षांच्या मुलीसारखा सौदा केला. तिला शिंगरू हवं होतं. चित्र पन्नास वर्षं जगभर फिरणार आहे हे तिला कुणी सांगितलं असतं तरी तिला पन्नास वर्षं म्हणजे काय हे कळलं असतं का?

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. १९९१ मध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं की हा अल्बम एवढा चालेल. गेफनने सुरुवातीला अमेरिकेत जेमतेम ४६ हजारांच्या आसपास प्रती पाठवल्या होत्या. एका अनोळखी बँडसाठी मित्राच्या बाळाचा फोटो काढायला २०० डॉलर, यात फसवणूक कुठे आहे? तोटा झाला असता तर बाळाच्या आईबापांनी तो भरून दिला असता का? हे सगळं रास्त आहे, पण आधी तो ७,५०० चा आकडा परत आणा. पोहणाऱ्या बाळाच्या चित्राला अल्बम बाजारात असेपर्यंत दरवर्षी ७,५०० डॉलर ही त्या वेळी बाजारात मागितली गेलेली किंमत होती, आणि कंपनीला ती माहीत होती. त्या हिशेबाने तीस वर्षांचे सव्वादोन लाख डॉलर होतात. फोटोसंस्थेला स्वतःच्या मालाची किंमत कळत होती, म्हणून तिने 'जोवर विकाल तोवर द्या' असं म्हटलं. बाळाच्या बाजूने असं म्हणणारं कुणी तिथे नव्हतं. त्याची बाजू सांभाळायची ज्यांची जबाबदारी, ते मित्राला मदत करत होते. त्यांनाही मी दोष देत नाही. तो गंमतीचा एक दिवस होता. पण गंमतीचा दिवस आणि तीन कोटी प्रती यांच्यातलं अंतर कुणीतरी कधीतरी मोजायला नको?

आणि नंतर यश आलं की जुना सौदा उघडायचा ही कल्पना काही मी शोधून काढलेली नाही. जर्मनीच्या कॉपीराइट कायद्यात असं कलमच आहे: कलाकाराला मिळालेला मोबदला आणि कृतीतून झालेली कमाई यांच्यात डोळ्यांत भरण्याजोगी तफावत असेल, तर त्याला जादा वाटा मागता येतो. 'दास बूट' या चित्रपटाचे छायालेखक योस्ट व्हाकानो याच आधारावर वर्षानुवर्षे लढले. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा मानधनापलीकडचा हक्क असा बांधून ठेवला की त्यांनी सही केली तरी तो त्यांना सोडता येत नाही. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत झगडले. निर्मात्यांनी तेव्हा हेच म्हटलं होतं की एकदा पैसे घेतले, पावती झाली, आता पुन्हा काय? संसदेने ते ऐकलं नाही. यावर कुणी म्हणेल, गीतकाराने गीत लिहिलं, बाळाने काय केलं? पोहलं फक्त. खरं आहे, बाळ कलाकार नाही. पण मग ते काय आहे? चार्ली चॅप्लिनसोबत 'द किड'मध्ये काम केलेला जॅकी कूगन लहानपणी तीस-चाळीस लाख डॉलर मिळवून मोठा झाला तेव्हा हाती जवळपास काही नव्हतं. आई आणि सावत्र बापाने उडवलं होतं, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मुलाची कमाई आईबापांचीच होती. त्याने दावा लावला, जेमतेम सव्वा लाख डॉलर परत मिळाले, पण १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा वाटा राखून ठेवायचा कायदा केला. त्या कायद्यामागचं गृहीतक फार धीट होतं: आईबापांचं हित आणि मुलाचं हित नेहमी एकच असतं असं नाही. एकदा हे मान्य केलं की ते अभिनय करणाऱ्या मुलापाशी थांबत नाही.

राहिला शेवटचा, कलेच्या बाजूचा आक्षेप. असं म्हटलं तर उद्या मुलांचे फोटोच काढता येणार नाहीत, वर्तमानपत्रं बंद करावी लागतील. १९७२ मध्ये व्हिएतनाममधल्या ट्रांग बांगच्या रस्त्यावर नेपाम बॉम्बने भाजून उघडी धावणारी किम फुक हिला कुणी संमती विचारली होती? २०१६ मध्ये फेसबुकने तो फोटो नग्नता म्हणून काढून टाकला तेव्हा नॉर्वेच्या 'आफ्टेनपोस्टेन'च्या संपादकाने झुकेरबर्गला जाहीर पत्र लिहिलं, आणि फेसबुकला माघार घ्यावी लागली. मी तेव्हा त्या संपादकाच्याच बाजूचा होतो आणि आजही आहे. पण हा दाखला माझ्याविरुद्ध वापरता येत नाही. त्या फोटोत जे घडलं ते कॅमेरा नसता तरी घडलं असतं. कॅमेऱ्याने साक्ष दिली. पॅसाडेनाच्या तलावात ते बाळ फक्त कॅमेऱ्यासाठी उतरवलं गेलं, एका विक्रीच्या वस्तूच्या वेष्टनासाठी. घटनेची साक्ष आणि मालाचं वेष्टन यांना एकाच नियमाने मोजायचं हाच आळस आहे. फेसबुकने २०११ मध्ये 'नेव्हरमाइंड'चं मुखपृष्ठही हटवलं होतं आणि मग परत लावलं. त्या यंत्राला दोन्ही चित्रांत फक्त कातडी दिसते. माणसांनी तरी त्यापुढे जावं.

या सगळ्यात मुखपृष्ठाचा अर्थ कुठे गेला? गळाला लावलेल्या नोटेमागे पोहत निघालेलं बाळ, म्हणजे जन्मल्यापासून पैशामागे धावायला शिकवणाऱ्या जगाची थट्टा. विनोद उत्तम आहे. कंपनीने बाळाचं लिंग झाकायला सुचवलं तेव्हा कोबेन म्हणाला, चालेल, पण त्या चिकटपट्टीवर लिहा की याने तुम्ही दुखावला असाल तर तुम्हीच मनातून बालकांवर डोळा ठेवून आहात. तोही विनोद उत्तम, आणि त्याच्यामुळेच वादाची दिशा तीस वर्षं चुकली असं मला वाटतं. त्याने आक्षेप घेणाऱ्या प्रत्येकाला विकृत ठरवून ठेवलं. बाळाच्या बाजूने पैशाचा किंवा संमतीचा प्रश्न विचारणाऱ्यालाही मग त्याच रांगेत उभं केलं गेलं. पैशाची थट्टा करणाऱ्या चित्रातला एकटा जो माणूस पैशाच्या हिशेबात कुठेच नव्हता, तो ते बाळ होतं. कोबेन १९९४ मध्ये गेला. तो जगता तर या विसंगतीवर सगळ्यात आधी त्यानेच गाणं लिहिलं असतं, असं म्हणायचा मोह होतो. पण ते त्याच्या नावावर आपली मतं खपवणं होईल.

हा प्रश्न एका अल्बमपुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. १९९१ मध्ये असं बाळ लाखांत एक होतं. आज मालिश, अंघोळ, धुरी, पहिला भात, पहिलं रांगणं, सगळं रील होऊन बाहेर पडतं. त्यांतली काही खाती जाहिरातींवर चांगली कमाई करतात. इलिनॉय राज्याने जुलै २०२४ पासून अशा व्हिडिओंतल्या मुलांसाठी कमाईचा वाटा राखून ठेवणं सक्तीचं केलं. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कूगनच्या नावाचा कायदा अशा मुलांपर्यंत वाढवला. फ्रान्स २०२० मध्येच एक पाऊल पुढे गेला होता. तिथे मूल आपले व्हिडिओ काढून टाका असं आईबापांना न विचारता स्वतः सांगू शकतं. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाच्या वतीने संमती पालकाकडे देतो. कंपन्यांपासून मुलाला वाचवण्यासाठी ते ठीकच आहे, पण खातं चालवणारे आणि पैसे घेणारे पालकच असतील तर काय, यावर तो काही बोलत नाही. शील्ड्सच्या आईची सही तिथेही चालून जाईल.

'नेव्हरमाइंड'पुरतं म्हणाल तर कुठल्याही न्यायालयाची वाट न पाहता दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. अल्बमची कमाई ज्यांच्याकडे जाते त्यांनी त्या माणसाला फोटोसंस्थेने मागितला होता त्या दराने वाटा द्यावा, आणि पुढची वर्धापन आवृत्ती काढण्यापूर्वी त्याला विचारावं. एकाला दिलं तर सगळे मागतील, अशी भीती असेल तर मागू देत. अशी मुखपृष्ठं बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्या कंपन्या भिकेला लागणार नाहीत. तो नको म्हणाला तर? मला ते मुखपृष्ठ आवडतं, ते राहावं असं वाटतं. पण ती माझी आवड आहे, तिच्यासाठी दुसऱ्याने नागडं राहावं असा हट्ट मी धरू शकत नाही. ब्लाइंड फेथच्या अल्बमला अमेरिकेत बँडच्या साध्या फोटोचं पर्यायी मुखपृष्ठ काढावं लागलं होतं. तरीही तो तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.